पॅलिएटिव्ह केअरची मार्गदर्शिका गटाने कशी लिहायची: पहिल्यांदाच गटात बसणाऱ्यांसाठी

पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे गंभीर आजारातल्या पेशंटचा त्रास कमी करणाऱ्या सेवेत, दोन-तीन वर्षे काम झाले की कधी ना कधी विचारणा होतेच: "आपण एक मार्गदर्शिका करतोय, तुम्ही गटात याल का?" विचारणारे कधी आपलेच हॉस्पिटल असते, कधी जिल्ह्यातली चार-पाच केंद्रे एकत्र आलेली असतात, तर कधी १९९४ पासून काम करणारी इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरसारखी संघटना असते. नवे डॉक्टर, सिस्टर, सोशल वर्कर, फार्मासिस्ट आनंदाने हो म्हणतात आणि पहिल्या बैठकीत गप्प बसून राहतात. हे काम कसे पुढे सरकते, आपण कुठे बोलायचे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

एक उदाहरण सोबत ठेवू. समजा, आपल्या गटाचा विषय आहे 'घरी शेवटच्या दिवसांत असलेल्या प्रौढ कॅन्सर पेशंटची काळजी'. आणि प्रत्येक टप्प्यावर एकच वाचक डोळ्यांसमोर ठेवायची: होमकेअर टीममधली किंवा उपजिल्हा रुग्णालयातली सिस्टर, जिला रात्री दोन वाजता पेशंटच्या मुलाचा फोन आला आहे आणि जिच्याजवळ त्या वेळी विचारायला दुसरे कोणी नाही. आपले पान उघडल्यावर पुढे काय करायचे हे तिला कळले पाहिजे. ते कळत नसेल तर पुस्तिका कितीही जाडजूड असो, काम अजून व्हायचे आहे.

कागद कसला आहे ते आधी ठरवा

व्यावसायिक मार्गदर्शनाचे कागद ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात आणि ते एकमेकांत मिसळले की गटाचे महिने वाया जातात. पहिला प्रकार पुराव्यावर उभ्या असलेल्या मार्गदर्शक तत्त्वांचा. त्यात प्रश्न आधी ठरतात, जगभरातले अभ्यास पद्धतशीर शोधले जातात आणि प्रत्येक शिफारशीपुढे पुरावा किती भक्कम आहे ते लिहिले जाते. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरच्या वेदनेवरची २०१८ ची तत्त्वे या प्रकारची. दुसरा प्रकार एकमताच्या निवेदनाचा: जाणकारांनी एकत्र बसून, आहे त्या पुराव्यावर आणि अनुभवावर घेतलेली भूमिका. इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन आणि इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर यांनी २०१४ मध्ये आयुष्याच्या अखेरच्या काळजीवर काढलेले संयुक्त निवेदन हे त्याचे चांगले उदाहरण. तिसरी आपल्या केंद्रापुरती कार्यपद्धती: कोणी, केव्हा, काय करायचे.

आठ-दहा जणांच्या आणि पगारी मनुष्यबळ नसलेल्या गटाने पहिल्या प्रकाराच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते काम प्रचंड आहे आणि बहुतेक प्रश्नांवर ते कोणीतरी आधीच केलेले असते. आधी काय उपलब्ध आहे ते शोधा, त्यातले दोन-तीन चांगले दस्तऐवज निवडा, ते आपल्या परिस्थितीला कसे लागू पडतात ते तपासा आणि फरक जिथे आहे तिथेच आपली शक्ती खर्च करा. दुसऱ्याचा मजकूर किंवा तक्ता घेणार असाल तर परवानगी सुरुवातीलाच मागा. छापायच्या आदल्या आठवड्यात ती मिळत नाही.

नाव ठरले की एका पानावर कक्षा लिहून काढा. कोणते पेशंट? प्रौढ, कॅन्सरचे, घरी असलेले. कोण वापरणार? सिस्टर आणि फॅमिली डॉक्टर. काय बाहेर ठेवले? लहान मुले, व्हेंटिलेटरवरचे पेशंट. या पानावर सगळ्यांची संमती घ्या. पुढे कोणीतरी "यात डिमेन्शियाही घेऊ या" म्हणणारच, तेव्हा हे पान दाखवता येते.

औषध मिळते का, ते लिहिण्याआधी बघा

परदेशी मार्गदर्शिकेतला तक्ता उचलून आणणे सोपे असते. पण त्यातली निम्मी औषधे तालुक्याच्या ठिकाणी मिळत नसतील तर सिस्टरला तो तक्ता निरुपयोगी आहे. भारतात मॉर्फिनचा प्रश्न तर कायद्याशीच जोडलेला आहे. १९८५ च्या एनडीपीएस (अंमली पदार्थविषयक) कायद्यामुळे वेदनाशमनासाठी मॉर्फिन ठेवणे वर्षानुवर्षे अवघड झाले होते. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानंतर मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे अत्यावश्यक नार्कोटिक औषधे म्हणून जाहीर झाली आणि अनेक परवान्यांच्या जागी 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' ही एकच पद्धत आली. ही मान्यता राज्याचा औषध नियंत्रक देतो. महाराष्ट्रात त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाकडे जावे लागते.

म्हणून मार्गदर्शिकेत नुसते 'मॉर्फिन द्यावे' लिहून भागत नाही. ज्या केंद्राकडे मान्यता नाही त्यांनी पेशंट कुठे पाठवायचा, घरी किती दिवसांचे औषध द्यायचे, पेशंट गेल्यावर उरलेल्या गोळ्या कोणी परत घ्यायच्या आणि त्याची नोंद कुठे करायची, हेही लिहा. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांत नार्कोटिक औषधे दूरध्वनी किंवा व्हिडिओवरून लिहून द्यायला मनाई आहे. रात्रीच्या फोनवर आधारलेली होमकेअर सेवा आखताना ही अट विसरून चालत नाही. दोन वाजता लागू शकणारा जादा डोस आधीच्या भेटीत लिहून आणि समजावून ठेवावा लागतो. गटातल्या फार्मासिस्टला पहिल्या बैठकीपासून बोलवा, असे मी सांगते त्याचे कारण हेच.

गटात कोण बसणार

बारा-पंधरा माणसे पुरेत. पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर, ऑन्कॉलॉजिस्ट, घरी जाणाऱ्या सिस्टर, फार्मासिस्ट, सोशल वर्कर, एखादा फॅमिली डॉक्टर, प्राथमिक आरोग्य केंद्राचा मेडिकल ऑफिसर. मुंबई-पुण्याबाहेरचे निदान चार जण हवेत. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये पॅलिएटिव्ह मेडिसिनचा स्वतंत्र विभाग आहे, वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून चालू आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र १९९७ पासून आहे. तिथे जे सहज शक्य आहे ते नंदुरबारला किंवा गडचिरोलीला शक्य आहे का, हे तिथला माणूसच सांगेल.

आणि घरच्या माणसाला विसरू नका. ज्यांनी घरी आईला, नवऱ्याला शेवटपर्यंत सांभाळले अशा निदान दोघांना गटात घ्या. एकट्याला घेतले तर दहा डॉक्टरांसमोर त्याचा आवाज फुटत नाही. त्यांना बैठकीआधी विषय मराठीत समजावून सांगा, येण्याजाण्याचे भाडे द्या, आणि बैठक अशा वेळी ठेवा की त्यांना रजा टाकावी लागणार नाही. त्यांचा पेशंट जाऊन वर्षही झाले नसेल तर घाई करू नका. काहींना बोलून हलके वाटते, काहींना ते सहन होत नाही, तेव्हा नकार देणे त्यांना सोपे जाईल असे विचारा.

प्रत्येकाकडून हितसंबंधांचे लेखी निवेदन घ्या: औषध कंपनीकडून मानधन, उपकरणांच्या पुरवठादाराशी संबंध, स्वतःच्याच संशोधनाचा विषय. ज्याचा संबंध आहे त्याने चर्चेत माहिती द्यावी, त्या शिफारशीवर मत देऊ नये.

दोन भूमिका वेगळ्या माणसांकडे द्या. अध्यक्ष चर्चा चालवतो. समन्वयक मसुदा, तारखा आणि आवृत्त्या सांभाळतो. दोन्ही एकाच ज्येष्ठ डॉक्टरांकडे गेले तर काम त्यांच्या ओपीडीच्या सवडीने चालते. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती स्पष्ट बोललेली बरी: सर बोलले की विषय संपतो. सिस्टरला वेगळे वाटत असले तरी ती मान डोलावते. यावर उपाय साधा आहे. प्रत्येक मुद्द्यावर आधी सगळ्यांची लेखी मते, नावाशिवाय, समन्वयकाकडे यावीत. बैठकीत ती वाचून दाखवावीत. आणि सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीने सर्वांत शेवटी बोलावे.

पुरावा वाचताना

पुराव्याची प्रत सांगायला 'ग्रेड' ही पद्धत जगभर वापरतात. उच्च, मध्यम, कमी आणि अतिशय कमी अशा तिच्या चार पातळ्या आहेत आणि शिफारस ठाम किंवा सशर्त असते. नवीन माणसाने एवढे समजून घेतले तरी पहिल्या बैठकीला पुरते. पॅलिएटिव्ह केअरमध्ये पुरावा विरळ असतो. पेशंट थकलेले असतात, अभ्यास पुरा होण्याआधी जातात, आणि शेवटच्या दोन दिवसांत कोणाला खरे औषध व कोणाला नुसते पाणी हे चिठ्ठी टाकून ठरवायला घरच्यांची संमती मागणे सोपे नसते. म्हणून पुष्कळ शिफारशींपुढे 'कमी' असे लिहावे लागेल. ते प्रामाणिकपणे लिहा. 'कमी' पुराव्यावरचीही शिफारस देता येते, फक्त वाचणाऱ्याला ती कशावर उभी आहे ते कळले पाहिजे.

खरा धोका वेगळा आहे. आपण रोज करतो ते बरोबरच असणार, या समजुतीवर कोणी बोट ठेवत नाही. ऑक्सिजनचे बघा. धाप लागलेल्या पेशंटच्या घरी सिलिंडर किंवा कॉन्सन्ट्रेटर आणा, हे आपण सवयीने सांगतो आणि घरचे कर्ज काढूनही आणतात. २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि ब्रिटनमधल्या २३९ पेशंटांना नाकातल्या नळीने काहींना ऑक्सिजन आणि काहींना साधी हवा दिली. या सगळ्यांची धाप हटत नव्हती, पण रक्तातला ऑक्सिजन फार खाली गेलेला नव्हता. दोन्ही गटांना बरे वाटले आणि ऑक्सिजनने जास्त काही दिले नाही. आपल्या मार्गदर्शिकेत याचे वाक्य असे होते: 'बोटावरच्या मीटरवर ऑक्सिजन पुरेसा असेल तर आधी खिडकी उघडा, पेशंटला उशांना टेकवून बसवा, चेहऱ्यावर हातपंख्याचा वारा द्या.' 'पुरेसा' म्हणजे किती, तो आकडा गटाने ठरवून त्याच वाक्यात घालायचा.

दुसरे उदाहरण घुरघुरीचे. शेवटच्या तासांत घशात घुरघुर सुरू झाली की घरचे हबकतात आणि आपण हायोसिनचे (स्राव कमी करणाऱ्या औषधाचे) इंजेक्शन लिहितो. घुरघुर सुरू झाल्यावर दिलेली अशी औषधे नुसत्या पाण्यापेक्षा सरस ठरतात, असे अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसलेले नव्हते. मग २०२१ मध्ये नेदरलँड्समधल्या सहा हॉस्पिसमधला (शेवटच्या काळातल्या पेशंटांसाठीच्या केंद्रांमधला) अभ्यास आला. त्यात स्कोपोलामाइन ब्युटिलब्रोमाइड (हायोसिनचाच एक प्रकार) घुरघुर सुरू होण्याआधीच दिले, तेव्हा ती १३ टक्के पेशंटांना झाली, न दिलेल्यांत २७ टक्क्यांना. म्हणजे 'घुरघुरीवर औषध उपयोगी आहे का' हा एक प्रश्न नाहीच, दोन आहेत: झाल्यावर आणि होण्याआधी. प्रश्न नेमका मांडला नाही तर गट दोन बैठका भांडतो आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असतात. घरी मात्र सगळ्यांत जास्त उपयोगी पडते ते पेशंटला कुशीवर वळवणे आणि मुलांना 'हा आवाज आपल्याला ऐकवत नाही, पण त्यांना बहुधा त्याचा त्रास होत नाहीये' असे सांगणे. तेही मार्गदर्शिकेत शब्दशः लिहून ठेवा.

मतभेद झाले तर

होणारच. त्यासाठी डेल्फी पद्धत वापरा. शिफारशींची यादी प्रत्येकाला पाठवायची, प्रत्येकाने एकट्याने, नावाशिवाय सहमतीचे गुण आणि कारण द्यायचे, समन्वयकाने ते संकलित करून परत पाठवायचे आणि दुसरी फेरी घ्यायची. किती टक्के सहमती म्हणजे एकमत, हे पहिल्या फेरीच्या आधीच ठरवून लिहा. निकाल पाहिल्यावर उंबरठा खालीवर करणे हा गटाचा विश्वास घालवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. हॉस्पिस आणि पॅलिएटिव्ह केअरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये पॅलिएटिव्ह केअरची नवी व्याख्या प्रसिद्ध केली. त्या कामात ८८ देशांतल्या ४०० हून अधिक सदस्यांची मते घेतली गेली होती. तरीही व्याख्येची व्याप्ती किती असावी यावर तीव्र मतभेद उरले, आणि लेखकांनी ते लपवले नाहीत. आपल्या पुस्तिकेतही एकमत झाले नाही तिथे दोन्ही बाजू चार ओळींत लिहा.

आपल्या उदाहरणात सर्वांत जास्त वाद सलाईनवर होईल. शेवटच्या दिवसांत सलाईनने तहान भागते किंवा आयुष्य वाढते असा भक्कम पुरावा नाही, सूज आणि छातीतला स्राव वाढू शकतो, म्हणून काही डॉक्टर 'देऊ नये' असे लिहायला सांगतील. पण घरचा माणूस म्हणतो, "तोंडात अन्न-पाणी नाही, उपाशी कसे ठेवायचे?" शेजारचे विचारतात, "साधी बाटलीसुद्धा लावली नाही का?" या दडपणाखाली तो मुलगा पहाटे रिक्षाने पेशंटला कॅज्युअल्टीत नेतो. नुसते 'देऊ नये' हे वाक्य त्या घरात टिकत नाही. गटातल्या घरच्या माणसांनी इथे बोलायला हवे. त्यातून अधिक उपयोगी मजकूर निघतो: तोंड दर दोन तासांनी ओल्या कापडाने पुसा, ओठांना तूप किंवा व्हॅसलीन लावा, पेशंट जागा असेल आणि गिळत असेल तर बसवून चमच्याने घोट द्या, झोपेत किंवा ठसका लागत असताना पाणी घालू नका. गंगाजल आणि तुळशीपत्र ठेवायचे असेल तर जरूर ठेवा, ओठ आणि जीभ ओली होईल इतकेच, थेंबभर. हे शेवटचे वाक्य कोणत्याही परदेशी मार्गदर्शिकेत सापडणार नाही. माझ्या मते आपण स्वतंत्र मार्गदर्शिका लिहितो ती अशाच वाक्यांसाठी.

मसुदा लिहिताना

बारा जणांनी बारा भाग लिहून जोडले की बारा भाषा होतात. भाग वाटून द्या, पण शेवटी एकाच माणसाने सगळा मजकूर पुन्हा लिहावा. 'करा', 'करता येईल' आणि 'करू नका' या तीन शब्दप्रयोगांचा अर्थ पहिल्या पानावर ठरवा आणि मग तेवढेच वापरा. 'शक्यतो', 'योग्य वाटल्यास', 'काळजीपूर्वक' हे शब्द शोधून काढा, कारण त्यांच्यामागे बहुधा न घेतलेला निर्णय लपलेला असतो.

एक वाक्य जवळून पाहू. पहिल्या मसुद्यात हमखास असे येते: 'वेदना नियंत्रणासाठी मॉर्फिनची मात्रा आवश्यकतेनुसार सावधगिरीने वाढवावी.' यात चूक काही नाही, पण सिस्टरने काय करायचे ते कळत नाही. पुन्हा लिहिल्यावर:

'पेशंटला तोंडाने साधे मॉर्फिन सकाळी ६, १०, दुपारी २ आणि संध्याकाळी ६ वाजता १० मिलिग्रॅम आणि रात्री १० वाजता २० मिलिग्रॅम चालू आहे, म्हणजे दिवसभरात ६० मिलिग्रॅम. मधेच वेदना उसळली तर जादा डोस याचा सहावा भाग, म्हणजे १० मिलिग्रॅम द्या. पुढचा ठरलेला डोस त्याच्या वेळेवरच द्या. २४ तासांत तीनपेक्षा जास्त जादा डोस लागले तर डॉक्टरांना कळवा. लघवी खूप कमी झाली असेल, पेशंट अचानक फार झोपाळू झाला असेल किंवा श्वास मिनिटाला ८ पेक्षा कमी असेल तर जादा डोस देण्याआधी फोन करा. मॉर्फिनसोबत पोट साफ होण्याचे औषध चालू आहे ना, ते विचारा.'

रात्री दहाचा डोस दुप्पट करून मधल्या डोससाठी झोपमोड टाळायची, ही आपल्याकडची रुळलेली पद्धत आहे. आकडे आपल्या गटाने आपापल्या पेशंटांनुसार ठरवायचे, इथे लिहिण्याची रीत दाखवली आहे. कृती, वेळ, मर्यादा आणि थांबायची खूण, चारही आले पाहिजेत.

डोस लिहिण्याचे काही नियम कधीही मोडू नका. पूर्ण आकड्यापुढे दशांश आणि शून्य नको. '१.०' मधला ठिपका पुसट छापला की ते १० होते. अपूर्णांकाआधी शून्य हवेच, '०.५' असे. 'मायक्रोग्रॅम' पूर्ण शब्दात लिहा, कारण फेंटानिलचा पॅच मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि बाकी बहुतेक सगळे मिलिग्रॅममध्ये. घरच्यांसाठी मराठी पत्रक काढाल तेव्हा आणखी एक काळजी घ्या. औषधाच्या स्ट्रिपवर इंग्रजी आकडे असतात आणि देवनागरी '१' घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो. म्हणून आकड्यापुढे अक्षरात लिहा: '१ (एक) गोळी', 'अर्धी गोळी'. वेळेसाठी उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र अशी चित्रे काढा. घरात वाचता न येणारी आजी औषध देत असेल तर तिलाही कळेल.

मग चौकटींचा प्रश्न येतो. कोणीतरी सुचवतेच की सगळे एका तक्त्यात घालू, सिस्टर टिक करत जातील. इथे ब्रिटनमधल्या लिव्हरपूल केअर पाथवेची, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या काळजीच्या ठरीव आराखड्याची, हकीगत गटाला जरूर सांगा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लिव्हरपूलच्या हॉस्पिटल आणि हॉस्पिसमधल्या लोकांनी मिळून तो तयार केला. हॉस्पिसमध्ये मरणाऱ्या माणसाला मिळणारी काळजी साध्या वॉर्डातही मिळावी हा त्यांचा हेतू उत्तम होता, आणि तो देशभर पसरला. पण पुष्कळ ठिकाणी प्रशिक्षण पोहोचले नाही, फक्त फॉर्म पोहोचला. घरच्यांशी न बोलता पेशंटला 'पाथवेवर' टाकले गेले, प्यायला पाणी मागणाऱ्यांना नाकारले गेल्याच्या तक्रारी आल्या, हॉस्पिटलांना त्याच्या वापरासाठी पैसे मिळत होते हेही बाहेर आले. बॅरोनेस ज्युलिया न्यूबर्गर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१३ मध्ये तो बंद करण्याची शिफारस केली आणि २०१४ च्या जुलैपर्यंत तो मागे घेतला गेला. कागदातले वैद्यकीय मार्गदर्शन बऱ्याच अंशी चांगले होते, चुकला तो त्याचा वापर. म्हणून आपल्या मार्गदर्शिकेत कोणत्याही चौकटीआधी 'घरच्यांशी बोलणे झाले का, कोणाशी, ते काय म्हणाले' ही मोकळी ओळ ठेवा, आणि पेशंट शेवटच्या दिवसांत आहे हा निर्णय दररोज पुन्हा तपासायला लावा. प्रशिक्षणाची सोय नसेल तिथे कागद पाठवू नका.

बाहेरच्यांकडून तपासून घ्या

गटात नसलेल्या पाच-सहा सिस्टर आणि मेडिकल ऑफिसरांना मसुदा द्या, सोबत एक काल्पनिक पेशंट द्या, आणि त्यांना न समजावता विचारा, "आता काय कराल?" त्या कुठे पान उलटतात, कुठे अडतात, कुठे चुकीचा डोस काढतात ते शांतपणे टिपा. त्या अडल्या तर वाक्य बदला. हा अर्धा दिवस संपूर्ण कामातला सर्वांत मोलाचा असतो.

मग मसुदा व्यापक अभिप्रायासाठी तीन-चार आठवडे खुला ठेवा. आलेली प्रत्येक सूचना एका तक्त्यात: सूचना, गटाचा निर्णय, कारण. हा तक्ता मार्गदर्शिकेसोबत प्रसिद्ध केला की 'आमचे ऐकले नाही' ही तक्रार उरत नाही. कायद्याचा मजकूर वकिलाला दाखवा. 'ॲग्री-२' ही मार्गदर्शिकेचा दर्जा जोखायची २३ मुद्द्यांची तपासणी यादी शेवटी बाहेर काढू नका, पहिल्याच महिन्यात वाचा. हितसंबंध, पेशंटांचा सहभाग, पुरावा शोधण्याची पद्धत, खर्चाचा विचार, हे सगळे त्यात आहे आणि यातले काहीच मागाहून चिकटवता येत नाही.

प्रकाशन

लेखक कोण, हा प्रश्न पहिल्या बैठकीत सोडवा. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या चार अटी आहेत: कामात ठोस वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम मजकुराला संमती आणि त्याची जबाबदारी. या अटी सिस्टर किंवा सोशल वर्करने पुऱ्या केल्या असतील तर त्यांचे नाव लेखकांतच आले पाहिजे, आभारांच्या ओळीत नव्हे. हे मी आग्रहाने लिहिते, कारण कागद छपाईला जाताना हीच नावे पहिल्यांदा गळतात. उलट, केवळ पद मोठे म्हणून कोणाचे नाव घालू नका.

संघटनेचे अनुमोदन हवे असेल तर मसुदा अर्धा झाला की लगेच कळवा. त्यांच्या कार्यकारिणीच्या बैठका त्यांच्या वेळेनुसार होतात. इंडियन जर्नल ऑफ पॅलिएटिव्ह केअरसारख्या खुल्या नियतकालिकात छापले तर कोणालाही फुकट वाचता येते. 'आठवड्यात छापू, फी पाठवा' अशा मेलना उत्तर देऊ नका. सोबत दोन गोष्टी काढाच: भिंतीवर लावायचे एक पान आणि घरच्यांसाठी मराठी पत्रक. उदाहरणादाखल खऱ्या पेशंटची हकीगत वापरायची असेल तर घरच्यांची लेखी परवानगी घ्या आणि तरीही गाव, वय, व्यवसाय बदला. लहान गावात एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो.

छापून झाल्यावर

मार्गदर्शिकेला वय असते. लिव्हिंग विलचेच बघा, म्हणजे शेवटच्या काळात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये ते मान्य केले, पण दंडाधिकाऱ्यांच्या प्रतिस्वाक्षरीची आणि २० वर्षे अनुभवाच्या तज्ज्ञांची अट इतकी जड होती की ते वापरणे जवळपास अशक्य होते. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने पद्धत सोपी केली: नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही चालते, उपचार थांबवण्यावर मत देणाऱ्या दोन्ही वैद्यकीय मंडळांतल्या तज्ज्ञांना पाच वर्षांचा अनुभव पुरतो, आणि प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे असते. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठावर असलेले न्यायमूर्ती महेश सोनक यांनी २०२४ मध्ये गोव्यात स्वतःचे लिव्हिंग विल नोंदवले, त्यानंतर घरचे लोकही याबद्दल विचारू लागले आहेत. आता २०१९ सालची पुस्तिका हातात असलेला डॉक्टर त्यांना जुनीच, रद्द झालेली पद्धत सांगेल.

औषधांचेही तेच. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात पॅलिएटिव्ह केअरमधल्या सौम्य ते मध्यम डिलिरियमच्या (आजारपणातल्या भ्रमाच्या) पेशंटांची लक्षणे रिस्पेरिडोन आणि हॅलोपेरिडॉलने नुसत्या प्लासिबोपेक्षा (बिनऔषधी डोसपेक्षा) वाढलेली दिसली. त्याआधी लिहिलेल्या पुस्तिकांतली ती ओळ आज पुन्हा तपासायला हवी.

म्हणून प्रत्येक पानाच्या तळाशी, फक्त मुखपृष्ठावर नव्हे, आवृत्ती क्रमांक, प्रसिद्धीची तारीख आणि फेरतपासणीचा महिना छापा. लोक एकेका पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतात, तेव्हा मुखपृष्ठ मागे राहते. फेरतपासणी तीन वर्षांनी ठेवा, आणि कायदा किंवा औषधाची उपलब्धता बदलली तर त्याआधी. चूक सापडली तर कळवायला एक फोन नंबर आणि एक जबाबदार माणूस नेमा, नावानिशी. गट विखुरला तरी त्या माणसाकडे मूळ फाइल आणि अभिप्रायांचा तक्ता राहिला पाहिजे. नवी आवृत्ती निघाल्यावर जुनी मागे घेण्याचे कामही त्याच माणसाकडे द्या: केंद्रांना पत्र, ग्रुपवर स्पष्ट सूचना, आणि औषधांच्या ट्रॉलीवर किंवा सिस्टर्सच्या टेबलाच्या काचेखाली असलेले जुने पान काढून नवे लावल्याची प्रत्येक केंद्राकडून उलट पोच.